हळदीकुंकू आणि हितसंबंध

त्र्याण्णव सालच्या जानेवारीत डॉक्टर शशिधर देवस्थळींच्या पिनरच्या घरात दोन कार्यं एकाच आठवड्यात आली. शनिवारी मधुमतीबाईंचं संक्रांतीचं हळदीकुंकू आणि मंगळवारी सुलक्षणाचा इंटरव्ह्यू. दोन्हींची तयारी एकाच डायनिंग टेबलावर चालली होती. एका टोकाला तिळाच्या वड्या थापलेल्या, दुसऱ्या टोकाला सुलक्षणाचे कागद. मधे वाण म्हणून लुटायच्या प्लॅस्टिकच्या चहाच्या गाळण्यांचा ढीग होता आणि तो रोज थोडा थोडा कागदांच्या हद्दीत शिरत होता.

सुलक्षणा सव्वीस वर्षांची. जन्म बर्मिंगहॅमचा, शिक्षण मिडवाइफचं, त्यावर पब्लिक हेल्थची मास्टर्स डिग्री. मधे एक वर्ष ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला एका हॉस्पिटलात नोकरी करून आली होती. ऑस्ट्रेलियाला गेलेली बाकीची मुलं कांगारूबरोबरचे फोटो घेऊन परतली. ही पीएच.डी.चा विषय घेऊन परतली. तिथल्या मूळनिवासी, म्हणजे ॲबोरिजिनल बायकांचं गरोदरपणातलं आरोग्य. युनिव्हर्सिटीनं प्रवेश दिला होता, पण तो पैसे घेऊन आलीस तर ये, अशा प्रेमळ बोलीवर. तसे पैसे लंडनच्या एकाच ट्रस्टकडे होते. फेलोशिप एक, मुदत तीन वर्षं. ती हुकली तर विषय माळ्यावर ठेवायचा आणि आपण पुन्हा वॉर्डात उभं राहायचं, हे सुलक्षणाला पक्कं ठाऊक होतं.

डॉक्टरसाहेबांचा विषयाला विरोध नव्हता. अडचण फक्त व्यवहाराची होती. पिनर-स्टॅनमोरकडच्या मराठी मंडळींत मुलांचे विषय एका शब्दात सांगायची पद्धत. कार्डिऑलॉजी. अकाउंटन्सी. लॉ. डॉक्टरांना मात्र मुलीच्या विषयासाठी अख्खा परिच्छेद लागे, आणि परिच्छेद संपेपर्यंत ऐकणारा बटाटेवड्यांकडे पोचलेला असे.

"आपल्या बायकांवर का नाही करत रिसर्च?" त्यांनी एकदा विचारून पाहिलं.

"आपल्या बायकांवर आई करते ना काम, बाबा. एका घरात दोन कशाला?"

हे खरं होतं. मधुमतीबाई हॅरोकडच्या एका हॉस्पिटलच्या गरोदर बायकांच्या क्लिनिकमध्ये नोकरीला होत्या. डॉक्टरांचं म्हणणं आपल्या बायकांना आणि आपल्या बायकांचं म्हणणं डॉक्टरांना समजावून सांगायचं, असं त्यांचं काम. ते त्या मराठी, गुजराथी आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत करत आणि तिन्हींत मुख्यतः प्रश्न विचारत.

ट्रस्टनं उमेदवारांना बजावलं होतं, की समितीत कोण आहे हे आधी सांगितलं जाणार नाही, आणि कोणी काढायचा प्रयत्नही करू नये. डॉक्टरांना हे फार आवडलं. "याला म्हणतात ब्रिटिश न्याय," ते म्हणाले, आणि त्या न्यायाला साजेसा एक सराव-इंटरव्ह्यू त्यांनी बैठकीच्या खोलीत घेतला. त्यात त्यांनी एकच प्रश्न विचारला. तो ते स्वतः पासष्ट साली बर्मिंगहॅमला कसे उतरले, तिथून सुरू झाला आणि पहिल्या हिवाळ्यापर्यंत येऊन थांबला. उत्तर द्यायची वेळ सुलक्षणावर आली नाही.

गुरुवारी मधुमतीबाई क्लिनिकमधून आल्या त्या खुशीत.

"अगं सुलू, तुझ्या ऑस्ट्रेलियाच्या एक बाई आल्या होत्या आज. आमचं काम कसं चालतं ते बघायला. नर्स आहेत, मोठ्या आहेत, नाव बेरिल. मी शनिवारी बोलावलंय."

"हळदीकुंकूला?"

"मग काय एकटीनं हॉटेलात बसायचं त्यांनी, सणासुदीचं?"

ज्या बाईशी पाच मिनिटं बोलणं झालं तिला घरी न बोलावणं मधुमतीबाईंना जमत नसे. मागच्या वर्षी टेलिफोन दुरुस्त करायला आलेल्या माणसाच्या बायकोनं त्यांच्या हातची पुरणपोळी खाल्ली होती.

शनिवारी दुपारी घरात चाळीसएक बायका आणि तितक्याच पैठण्या दाटीवाटीनं बसल्या. डॉक्टर वरच्या मजल्यावर हद्दपार झाले. बेरिलबाई बरोबर वेळेवर आल्या. पन्नाशीपुढच्या, सावळ्या, अंगात निळं लोकरी कार्डिगन, आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत न हलणारे डोळे. मधुमतीबाईंनी त्यांच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं, हातावर अत्तर घासलं आणि त्यांना थेट स्टॅनमोरच्या नंदाताईंच्या शेजारी बसवलं. नंदाताईंच्या शेजारी बसवणं म्हणजे एक प्रकारचा इमिग्रेशन काउंटरच होता.

"मुलं किती?"

"चार."

"नॉर्मल की सिझेरियन?"

"तीन नॉर्मल. चौथ्याला घाई होती, तो गाडीत झाला. तुम्हाला?"

नंदाताईंना आजवर उलट कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी आपल्या दोन्ही बाळंतपणांची हकिकत सांगितली, मग गर्भाशयाच्या ऑपरेशनची, आणि मग ज्या सर्जननं ते केलं त्याच्या स्वभावाची.

"आणि मिस्टर?"

"सोडला," बेरिलबाई म्हणाल्या.

हळदीकुंकवाच्या नियमांत ही केस नव्हती. नंदाताईंनी दोन क्षण विचार केला.

"पण आहे ना अजून?"

"आहे. डार्विनला असतो."

"मग चालतंय," नंदाताईंनी निकाल दिला, आणि वड्यांचं ताट पुढं सरकलं.

सुलक्षणा ट्रे घेऊन आतबाहेर करत होती. एका फेरीत ती बेरिलबाईंना म्हणाली, की मीही एक वर्ष तुमच्याकडे काम केलंय. कोणत्या हॉस्पिटलात, असं त्या विचारत होत्या तेवढ्यात स्वयंपाकघरातून "सुलू, चहा" अशी हाक आली आणि विषय तिथंच राहिला.

निघताना मधुमतीबाईंनी त्यांची ओटी भरली. तांदूळ, नारळ, ब्लाउजपीस. पदर नव्हता, म्हणून कार्डिगनचं टोक पुढं करायला लावलं. वर एक गाळणं ठेवलं.

"हे कशाला?"

"चहा गाळायला."

"ते समजलं. मला का?"

"वाण आहे. आम्ही संक्रांतीला लुटतो. म्हणजे ज्या येतील त्या सगळ्यांना काहीतरी द्यायचं."

बेरिलबाईंनी गाळणं उजेडात धरून पाहिलं. "ही लूट बरी आहे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे जे गोरे आले होते त्यांची पद्धत वेगळी होती."

मंगळवारी सुलक्षणा मेट्रोपॉलिटन लाइननं निघाली आणि ब्लूम्सबरीतल्या ट्रस्टच्या इमारतीत वेळेच्या आधी पोचली. आत बोलावलं तेव्हा लांब टेबलापलीकडे चार जण होते. मधे अध्यक्ष, प्रोफेसर व्हिटकम, हृदयाचे तज्ज्ञ. डावीकडे एक स्टॅटिस्टिक्सवाले गृहस्थ. उजवीकडे ट्रस्टचे खजिनदार, एक निवृत्त ब्रिगेडियर. आणि टोकाला, निळ्या कार्डिगनमध्ये, बेरिलबाई.

बेरिलबाईंच्या भुवया किंचित वर गेल्या आणि तिथंच राहिल्या.

अध्यक्षांनी सुरुवातीला एक प्रश्न विचारला. तो ते दरवर्षी प्रत्येक उमेदवाराच्या वेळी विचारत, आणि त्याला कोणी उत्तर देईल अशी त्यांची कधी अपेक्षाच नसे. "समितीपैकी कोणाची उमेदवाराशी ओळख?" असं म्हणून त्यांनी पानही उलटलं.

"माझी आहे," बेरिलबाई म्हणाल्या. "शनिवारी मी यांच्या घरी होते. तेव्हा ही कोण ते मला माहीत नव्हतं, घरात सगळे हिला सुलू म्हणत होते, आडनाव कोणी घेतलं नाही. पण खाल्लं मी भरपूर."

अध्यक्षांनी पान परत उलटलं.

"शिवाय यांच्या आईनं मला नारळ दिला."

"नारळ," अध्यक्ष म्हणाले.

"आणि तांदूळ, आणि कापड. आणि चहाचं गाळणं."

कोपऱ्यात टिपणं घेत असलेल्या सेक्रेटरी मिस पार्फिट यांनी मान वर केली. "गाळणं धातूचं की प्लॅस्टिकचं?"

"प्लॅस्टिकचं," सुलक्षणा म्हणाली. आपला इंटरव्ह्यू या उत्तरानं सुरू होईल असं तिला आयुष्यात वाटलं नव्हतं. मग तिनं जमेल तितक्या शांतपणे सांगितलं, की हा आमचा सण आहे, घरी येणाऱ्या प्रत्येक बाईला हे देतात, आणि पाहुण्या कोण हे आईला किंवा मला ठाऊक नव्हतं.

"प्रत्येक बाईला?" ब्रिगेडियरनी विचारलं. "किती होत्या?"

"चाळीस असतील."

"मग ही लाच असेल तर फार महागडी पद्धत आहे," ब्रिगेडियर म्हणाले. "एकीसाठी चाळीस."

पण नियम तो नियम. व्हिटकमसाहेब सज्जन होते आणि सज्जन माणसाला नियमापुढे फार घाम फुटतो. उमेदवार बाद करायचा की सदस्य, हे ठरवायला त्यांना एकांत हवा होता. म्हणून त्यांनी दोघींनाही बाहेर थांबायची विनंती केली. बाहेर म्हणजे कॉरिडॉर. कॉरिडॉरमध्ये खुर्च्या दोनच, त्याही एकमेकींना जोडलेल्या. मिस पार्फिट यांनी त्यांना शेजारी शेजारी बसवलं, एका ट्रेमध्ये दोन चहा आणि बिस्किटं आणून दिली, आणि निःपक्षपातीपणाला बाध येऊ नये म्हणून दार नीट लावून घेतलं.

समोरच्या भिंतीवर ट्रस्टच्या संस्थापकाचं तैलचित्र होतं. तो दोघींकडे संशयानं पाहत होता.

"आपण बोलायचं नाही," बेरिलबाई म्हणाल्या.

"नाही."

"वड्या चांगल्या होत्या."

"हे चालतं बोललेलं?"

"वड्यांबद्दल नियम नाही." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तुझा अर्ज मी विमानात वाचला. दोनदा. पहिल्यांदा झोप लागली."

सुलक्षणाला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं बिस्किट उचललं.

"एक सांग. तुला हे करायला कोणी सांगितलं? तिकडच्या कोणी?"

या प्रश्नाची सुलक्षणानं तयारी केली होती. तिच्याकडे तीन उत्तरं होती आणि बाबांनी दिलेलं चौथं, ज्यात 'मानवता' हा शब्द दोनदा येई. चारही तिच्या जिभेपर्यंत आली आणि संस्थापकासारखी ताठ उभी राहिली.

"कोणीच नाही," ती म्हणाली.

"हं."

"पण मी एक पाहिलं तिथं. शेवटचे आठवडे आले की लांबच्या वस्त्यांवरच्या बायकांना विमानानं शहरात आणायचे. हॉस्पिटलशेजारच्या होस्टेलवर ठेवायचे. एकटीला. कळा सुरू होईपर्यंत नुसतं बसून राहायचं. एक मुलगी होती, पहिलटकरीण. ती रोज संध्याकाळी डेस्कपाशी येऊन उभी राहायची. काही मागायची नाही, नुसती उभी. मी आईला फोनवर सांगितलं, तर आई एवढंच म्हणाली, सोबत कोण आहे तिच्या? मी म्हटलं, कोणी नाही. आई कितीतरी वेळ बोललीच नाही. इंटरनॅशनल कॉलवर. माझी आई, आणि गप्प."

सुलक्षणानं बिस्किट ट्रेमध्ये परत ठेवलं.

"आमच्यात पहिलं बाळंतपण आईकडे करतात. माहेरी. माझ्या वेळी आईला जाणं जमेना, तर आजीच पुण्याहून बर्मिंगहॅमला आली. बॅगेत डिंकाचे लाडू. कस्टमवाल्यानं विचारलं, हे काय आहे? आजीला इंग्लिश येत नव्हतं. तिनं त्याला एक लाडू दिला."

"खाल्ला त्यानं?"

"दोन खाल्ले म्हणे."

बेरिलबाई हसल्या. हसताना त्यांचं पूर्ण शरीर हसत असे, त्यामुळे जोडलेली खुर्चीही हलली. मग त्यांनी कप खाली ठेवला.

"यातलं काहीच तुझ्या अर्जात नाही."

"तसा रकाना नव्हता."

"तू लिहिलंयस, या बायका तपासणीला का येत नाहीत याचा अभ्यास करणार. सगळेच हे लिहितात. तुझ्या आधी दोघं येऊन तेच विचारून गेलेत. आता शनिवारी तुझ्या घरी चाळीस बायका आल्या, थंडीत, साड्या नेसून. का आल्या?"

"आईनं बोलावलं म्हणून."

"आणि मला जितकं विचारलं तितकं स्वतःचंही सांगितलं. त्या नंदाबाईंच्या पोटात आता काय शिल्लक आहे ते मी नकाशा काढून दाखवू शकेन." त्या थांबल्या. "मला मत देता येणार नाही, ते आत आत्ता हेच ठरवत असणार. तेव्हा माझं मन राखायची तुला गरज नाही."

"मग मी काय करू?"

"ते मी सांगितलं तर मात्र खरंच हितसंबंध होतील," बेरिलबाई म्हणाल्या आणि संस्थापकाकडे पाहू लागल्या.

दार उघडलं. निर्णय झाला होता. उमेदवार पात्र. बेरिलबाई मात्र खिडकीपाशी बसतील आणि बोलणार नाहीत. या विषयातलं ज्यांना काही कळत होतं अशा एकुलत्या एक सदस्याला गप्प बसवून समितीनं आपलं काम पुन्हा सुरू केलं.

स्टॅटिस्टिक्सवाल्यांनी सॅम्पल साइझ विचारला. सुलक्षणानं सांगितला. अध्यक्षांनी गरोदरपणात हृदयावर येणाऱ्या ताणाबद्दल विचारलं. तेही तिला येत होतं, आणि अध्यक्ष प्रसन्न दिसू लागले. सगळं घसरगुंडीवरून जावं तसं चाललं होतं. आता नुसतं बसून राहिलं तरी पुरे, हे तिला कळत होतं.

"तर, पहिल्या वर्षी मार्चपासून माहिती गोळा करायला सुरुवात," अध्यक्ष कागदावर बोट ठेवून म्हणाले. त्यात प्रश्न नव्हताच. फक्त 'हो' म्हणायचं होतं.

"नाही," सुलक्षणा म्हणाली.

बोट कागदावरच राहिलं.

"मी अर्जात तसं लिहिलंय, पण ते चुकीचं आहे. पहिल्या वर्षी मी काहीच गोळा करणार नाही. तिथल्या बायकांनी येऊ दिलं तर मी जाईन, त्या स्वतः चालवतात त्या आरोग्य-सर्व्हिसमध्ये मिडवाइफचं पडेल ते काम करीन, आणि विचारीन, तुम्हाला कशाचा अभ्यास व्हायला हवाय. त्या म्हणाल्या अमुक, तर पुढची दोन वर्षं त्यावर. त्या म्हणाल्या कशाचाच नको, तर मी परत येईन आणि राहिलेले पैसे तुमचे तुमच्याकडे."

हे म्हणताना आपली फेलोशिप टेबलावरून उठून दाराकडे चालली आहे, असं तिला स्पष्ट दिसत होतं. तरी एकदा बोलून झाल्यावर तिला फार बरं वाटलं.

पैसे जास्त मागणारे ट्रस्टनं पुष्कळ पाहिले होते. परत करायची तयारी दाखवणारी ही पहिलीच, आणि अशा माणसाशी कसं वागावं याबद्दल घटनेत कलम नव्हतं.

"त्या वर्षाचा सॅम्पल साइझ?" स्टॅटिस्टिक्सवाल्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"शून्य."

त्यांनी तो लिहून घेतला.

"मिस देवस्थळी," अध्यक्ष म्हणाले, "आम्ही एका वर्षाचे पैसे नुसतं विचारायला द्यायचे?"

"ह्याला टेहळणी म्हणतात, व्हिटकम," ब्रिगेडियर मधेच म्हणाले. इतका वेळ ते गाळण्याचाच विचार करत असावेत असं वाटत होतं. "बर्मात आम्ही एकदा न विचारता पूल बांधला. उत्तम पूल. अजून उभा असेल. पावसानंतर नदी अर्धा मैल पलीकडून वाहायला लागली. गावातल्या कोणत्याही म्हातारीनं सांगितलं असतं, दरवर्षी जाते म्हणून."

"पण परिणाम काय दाखवायचा? अहवालात?"

"आम्ही अहवालात पूल दाखवला होता," ब्रिगेडियर म्हणाले. "नदीबद्दल कोणी विचारलं नाही."

अध्यक्षांनी नकळत खिडकीकडे पाहिलं. बेरिलबाई बाहेरच्या छपरावरची कबुतरं पाहत होत्या. त्यांचे ओठ इतके घट्ट मिटलेले होते की नियमाचं त्याहून चांगलं पालन झालं नसतं, आणि खांदे मात्र हलत होते.

निकाल तासाभरात लागला. मिस पार्फिट यांनी तो कॉरिडॉरमध्येच सांगितला. एक वर्ष मंजूर. पुढची दोन वर्षं तिथल्या बायकांच्या सर्व्हिसनं लेखी होकार दिला तरच. सुलक्षणानं त्यांना एकदम मिठी मारली. मिस पार्फिट यांच्या नोकरीत असा प्रसंग आलेला नव्हता. त्यांनी तो उभ्याउभ्या सोसला.

बेरिलबाई जिन्यात भेटल्या. त्यांनी अभिनंदन वगैरे केलं नाही.

"इथं मला मत नव्हतं," त्या म्हणाल्या. "तिथं आहे. आमच्या सर्व्हिसच्या कमिटीवर मी आणि आणखी सहा जणी. त्यातली एक माझी बहीण. ती कठीण आहे."

"किती कठीण?"

"माझ्या नवऱ्याला तिनं पहिल्याच दिवशी नापास केलं होतं. मी ऐकलं नाही." त्यांनी कार्डिगनची बटणं लावली. "मार्चमध्ये ये. उन्हाची टोपी आण. प्रश्नावली आणू नकोस."

पिनरला घरी पोचेपर्यंत अंधार पडला होता. डॉक्टर दारातच उभे होते, ओव्हरकोट घालून, कारण ते तीनदा स्टेशनपर्यंत जाऊन आले होते. सुलक्षणानं आत येऊन झालेलं सगळं सांगितलं, गाळण्यासकट. गाळण्यापाशी डॉक्टर खुर्चीत बसले. नारळ समितीपुढे मांडला गेला हे ऐकून त्यांनी डोळे मिटून घेतले. एक वर्ष मंजूर म्हटल्यावर एक डोळा उघडला.

"आणि उरलेली दोन वर्षं?"

"त्या बायकांच्या हातात."

आपण मुलीचं मोठं नुकसान करता करता राहिलो हे मधुमतीबाईंच्या ध्यानात आलं होतं, पण ते कबूल करायची ही वेळ नव्हती.

"थांब, मला नीट समजू दे," त्या म्हणाल्या. "तू तिकडे त्यांच्या घरी जाणार."

"हो."

"त्या सात जणी बसणार. तुला बघणार. तुला काय काय येतं ते विचारणार."

"हो."

"आणि मग पसंत आहे का ते मागाहून कळवणार."

"हो, आई."

मधुमतीबाईंनी मुलीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. सव्वीस वर्षांत तिला अशा कार्यक्रमाला बसवायचे त्यांचे सगळे प्रयत्न फुकट गेले होते, आणि आता ती आपण होऊन, विमानाचं तिकीट काढून, निघाली होती.

"पोहे येतात तुला करायला?"

"नाही."

"मार्चला फार दिवस नाहीत," मधुमतीबाई म्हणाल्या आणि उठल्या. "कोट काढ आणि कांदा घे."